प्रक्षेपणाची नोंदवही

२ एप्रिल २०२२ रोजी गुढीपाडवा होता. त्या संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास विदर्भ, खानदेश आणि मराठवाड्यातील असंख्य लोकांनी आकाशात एक विलक्षण दृश्य पाहिले. जळत्या तुकड्यांची एक रांग क्षितिजाकडे सरकत चालली होती. एखादी उल्का क्षणात चमकून विझते. हा प्रकाश मात्र लोकांना घराबाहेर बोलावून दाखवता येईल इतका वेळ टिकला. थोड्याच वेळात चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी या गावी धातूचे एक मोठे कडे येऊन पडले. आसपासच्या आणखी काही गावांत धातूचे गोळे सापडले. सुदैवाने कोणालाही इजा झाली नाही.

हे काय होते? उल्का, विमान, क्षेपणास्त्र असे अनेक तर्क लढवले गेले. त्यातले दोन बरे वाटावेत असे होते. पहिला असा की, त्याच दिवशी न्यूझीलंडमधून ‘इलेक्ट्रॉन’ नावाचे एक लहान रॉकेट सुटले होते, त्याचे हे तुकडे असावेत. दुसरा असा की, फेब्रुवारी २०२१ मध्ये चीनने सोडलेल्या ‘चांग झेंग ३ बी’ या रॉकेटचा तिसरा टप्पा वर्षभर पृथ्वीभोवती फिरत होता, तो खाली आला असावा. या दोहोंतून निवड कशी करायची? इथे मोजपट्टी कामाला येते. लाडबोरीच्या कड्याचा व्यास सुमारे तीन मीटर होता. इलेक्ट्रॉन रॉकेटची जाडी सव्वा मीटरसुद्धा नाही. चिनी रॉकेटचा तिसरा टप्पा तीन मीटर व्यासाचा आहे. जे रॉकेटच सव्वा मीटरचे, त्यातून तीन मीटरचे कडे निघणार कसे? शिवाय उपग्रहांच्या कक्षांचा सातत्याने मागोवा घेणारे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी लगेच दाखवून दिले की, तो चिनी टप्पा त्याच सुमारास वातावरणात शिरणे अपेक्षित होते आणि त्याचा मार्गही या दृश्याशी जुळत होता. वेळ, मार्ग आणि माप या तीन गोष्टींनी प्रश्न सोडवला.

रॉकेटच्या उड्डाणाचा छंद अनेकांना असतो. आपल्या शाळांमधूनही प्रक्षेपणाच्या दिवशी मुले पडद्यासमोर बसतात, उलटी मोजणी करतात आणि रॉकेट उठले की टाळ्या वाजवतात. ते आवश्यकच आहे. पण टाळ्या वाजवणे वेगळे आणि मागोवा घेणे वेगळे. मागोवा घेणाऱ्याचे काम टाळ्या संपल्यावर सुरू होते. त्यासाठी मोठी दुर्बीण किंवा महागडी यंत्रे लागतातच असे नाही. घड्याळ, पृथ्वीचा गोल, दहावीपर्यंतचे गणित आणि नेमाने लिहिलेली एक नोंदवही एवढ्यावर कुठवर जाता येते, हे इंग्लंडमधील एका शाळेने साठ वर्षांपूर्वी दाखवून दिले. त्या शाळेची गोष्ट आणि तिच्यामागचे विज्ञान या लेखात पाहू.

केटरिंगची शाळा

केटरिंग हे इंग्लंडच्या नॉर्दम्प्टनशायर परगण्यातील एक मध्यम आकाराचे गाव. तिथल्या ग्रामर स्कूलमध्ये जेफ्री पेरी भौतिकशास्त्र शिकवत. डेरेक स्लेटर हे त्यांचे सहकारी रसायनशास्त्राचे शिक्षक होते आणि त्यांना हौशी रेडिओचा नाद होता. रशियाचा पहिला उपग्रह स्पुटनिक ४ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशात गेला, तेव्हा त्याचे ‘बीप-बीप’ जगभरच्या हौशी रेडिओवाल्यांनी ऐकले. पेरी आणि स्लेटर यांनी १९६० पासून असे संकेत शाळेत पकडायला सुरुवात केली. साधने होती एक लघुलहरी रेडिओ संग्राहक आणि तारेची अँटेना.

हेतूही साधाच होता. वर्गात डॉप्लर परिणाम शिकवायचा होता. आगगाडी शिट्टी वाजवत आपल्याकडे येते तेव्हा शिट्टीचा सूर चढा ऐकू येतो आणि गाडी ओलांडून गेली की तो उतरतो. हेच रेडिओलहरींचे होते. उपग्रह जवळ येत असताना त्याच्या लहरींची वारंवारता किंचित वाढलेली आढळते, दूर जाऊ लागला की घटलेली. किती? उपग्रह २० मेगाहर्ट्झवर प्रक्षेपण करतो आणि सेकंदाला सुमारे ७.८ किलोमीटर वेगाने धावतो असे धरू. प्रकाशाचा वेग सेकंदाला ३ लाख किलोमीटर. म्हणजे जास्तीत जास्त फरक

२,००,००,००० × ७.८ ÷ ३,००,००० = ५२० हर्ट्झ.

वीस मेगाहर्ट्झच्या मानाने हा फरक नगण्य वाटेल. पण संग्राहकात या लहरी ऐकू येणाऱ्या सुरात बदलून घेतल्या, तर उपग्रह क्षितिजावर उगवल्यापासून मावळेपर्यंत तो सूर जवळजवळ हजार हर्ट्झने उतरतो. कानाला सहज कळावा असा हा उतार आहे. सुरुवातीला आणि शेवटी तो मंद असतो, मधे एकदम तीव्र होतो. ज्या क्षणी तो सर्वांत तीव्र, त्या क्षणी उपग्रह आपल्या सर्वांत जवळ. कानात आवाज, हातात घड्याळ आणि समोर वही असली की एका फेरीची एक पक्की वेळ मिळते.

धडा शिकवून झाला. पण ऐकणे थांबले नाही. मुलांनाही त्याची गोडी लागली. दिवसामागून दिवस वेळा नोंदल्या जाऊ लागल्या आणि त्या वेळांमधून काही वेगळेच दिसू लागले.

वेळेवरून उंची

उपग्रहाला एका फेरीस लागणारा वेळ कळला की त्याची सरासरी उंची कळते. केप्लरचा तिसरा नियम आपण शाळेत शिकतो: फेरीच्या काळाचा वर्ग हा कक्षेच्या त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणात असतो. हा नियम ग्रहांना लागू पडतो तसाच पृथ्वीभोवती फिरणाऱ्या प्रत्येक वस्तूलाही लागू पडतो. पृथ्वीला एक उपग्रह जन्मजात मिळालेलाच आहे, तो म्हणजे चंद्र. त्याचे अंतर ३,८४,४०० किमी आणि फेरीचा काळ २७.३ दिवस, म्हणजे सुमारे ३९,३०० मिनिटे.

आता ४०० किमी उंचीवरचा उपग्रह घेऊ. पृथ्वीची त्रिज्या ६,३७८ किमी असल्याने कक्षेची त्रिज्या झाली ६,७७८ किमी. चंद्राचे अंतर याच्या ५६.७ पट आहे. केप्लरच्या नियमाप्रमाणे काळांचे गुणोत्तर ५६.७ × √५६.७, म्हणजे सुमारे ४२७. ३९,३०० ला ४२७ ने भागले की उत्तर येते ९२ मिनिटे. फळ्यावर पाच मिनिटांत होणारे हे गणित आहे, आणि आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या फेरीचा काळ चंद्रावरून काढता येतो हे पाहून विद्यार्थ्यांना नेहमीच आनंद होतो. काटेकोर उत्तर ९२.६ मिनिटे आहे. उरलेला अर्ध्या मिनिटाचा फरक चंद्राच्या स्वतःच्या वस्तुमानामुळे पडतो. चंद्र पृथ्वीच्या सुमारे एक-एक्याऐंशीअंश जड आहे; तो कृत्रिम उपग्रहासारखा ‘वजनात न धरण्याजोगा’ नाही.

वर्तुळाकार कक्षांसाठी असाच एक तक्ता करता येतो:

उंची २०० किमी : ८८.५ मिनिटे
उंची ३०० किमी : ९०.५ मिनिटे
उंची ४०० किमी : ९२.६ मिनिटे
उंची ५०० किमी : ९४.६ मिनिटे
उंची ८०० किमी : १००.९ मिनिटे
उंची ३५,७८६ किमी : १,४३६ मिनिटे (२३ तास ५६ मिनिटे)

शेवटची ओळ भूस्थिर उपग्रहांची आहे. पृथ्वीही स्वतःभोवती एवढ्याच वेळात फिरते, म्हणून हे उपग्रह आपल्याला एका जागी थांबल्यासारखे भासतात. वरच्या ओळींमध्ये आणखी एक गोष्ट पाहण्याजोगी आहे. शंभर किलोमीटरने उंची वाढली की फेरीचा काळ साधारण दोन मिनिटांनी वाढतो. म्हणजे वेळ पाच-दहा सेकंदांपर्यंत अचूक मोजता आली, तर उंची काही किलोमीटरपर्यंत अचूक कळू शकते.

मार्गावरून जागा

त्या काळी सोव्हिएत संघ आपल्या बहुतेक उपग्रहांना ‘कॉसमॉस’ हे एकच सरसकट नाव आणि त्यापुढे क्रमांक देई. ‘तास’ या त्यांच्या वृत्तसंस्थेकडून उपग्रह सोडल्याची बातमी येई. तीत फेरीचा काळ, कमीत कमी व जास्तीत जास्त उंची आणि कक्षेचा कल हे आकडे असत. उपग्रह कशासाठी सोडला आणि कोठून सोडला, हे मात्र त्यात नसे. ‘बैकोनूर’ हे नाव जाहीर झाले होते. पण तेही दिशाभूल करणारेच होते. खरा तळ कझाकस्तानातील त्युराताम रेल्वे स्थानकाजवळ होता आणि बैकोनूर नावाचे मूळ गाव तिथून तीनशे किलोमीटरहून अधिक दूर होते.

कक्षेचा कल म्हणजे कक्षेची पातळी विषुववृत्ताशी जो कोन करते तो. पृथ्वीच्या गोलावर एक रबर तिरका ताणून बसवला की हे पटकन कळते. रबर विषुववृत्ताशी ६५ अंशांचा कोन करीत असेल, तर तो उत्तरेला ६५ अक्षांशापर्यंत जाऊन खाली वळतो. यातून एक महत्त्वाचा नियम निघतो. उड्डाणतळ ज्या अक्षांशावर असेल, त्यापेक्षा कमी कलाच्या कक्षेत रॉकेट सरळ जाऊ शकत नाही. तळावरून जाणारा रबर त्या अक्षांशापर्यंत तरी पोहोचलाच पाहिजे. त्युराताम सुमारे ४६ अंश उत्तरेला आहे. तिथून निघणाऱ्या कक्षेचा कल ४६ अंशांहून कमी नसणार.

१७ मार्च १९६६ रोजी ‘कॉसमॉस-११२’ सुटला. काही दिवसांनी पृथ्वीवर परत उतरवल्या जाणाऱ्या या प्रकारच्या उपग्रहांचा कल तोवर ५२ किंवा ६५ अंशांच्या आसपास असे. याचा मात्र ७२ अंश होता. पेरींना शंका आली. पण केवळ कलावरून काही सिद्ध होत नव्हते. ४६ अंशांवरच्या तळावरूनही ७२ अंशांच्या कक्षेत जाता येतेच.

खरा पुरावा नोंदवहीत होता. उपग्रह एक फेरी पुरी करतो तेवढ्या वेळात पृथ्वी त्याच्याखाली पूर्वेकडे सुमारे २२ अंश फिरलेली असते. त्यामुळे उपग्रहाचा जमिनीवरील मार्ग प्रत्येक फेरीत तेवढाच पश्चिमेकडे सरकतो. तो केटरिंगजवळून केव्हा गेला आणि एका फेरीला किती वेळ लागतो, हे माहीत असले की एकेक फेरी मागे मोजत जाऊन पहिल्या फेरीचा मार्ग नकाशावर आखता येतो. तो आखला तेव्हा त्युरातामचा मेळ बसेना. हा उपग्रह दुसरीकडूनच निघाला असला पाहिजे.

दुसरीकडून म्हणजे कोठून? एका उपग्रहाने नकाशावर एक रेषा मिळते; बिंदू मिळत नाही. त्याच वर्षी पुढे वेगळ्या कलाच्या कक्षेत उपग्रह सुटला आणि त्याच्या मार्गाची दुसरी रेषा मिळाली. दोन रेषा जिथे छेदतात तो बिंदू उत्तर रशियात, अर्खांगेल्स्क शहराच्या दक्षिणेला, प्लेसेत्स्क या गावाजवळ आला. अक्षांश सुमारे ६३. १९६६ च्या अखेरीस शाळेचा हा निष्कर्ष जाहीर झाला आणि एका शाळेतील मास्तर व मुले जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकली.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. प्लेसेत्स्कला क्षेपणास्त्रांचा तळ असल्याचा संशय अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याला १९५० च्या दशकाच्या अखेरीपासूनच होता, हे पुढे उघड झाले. पण ती माहिती तिजोरीत बंद होती. सोव्हिएत संघाने हा तळ असल्याचे अधिकृतपणे मान्य केले ते १९८३ साली. मधली सतरा वर्षे सर्वसामान्य माणसाला प्लेसेत्स्क ठाऊक होते, ते या शाळेमुळे. त्यांनी कोणतेही कुलूप तोडले नव्हते की कोणाची कागदपत्रे चोरली नव्हती. आकाशातून जाणारी वस्तू सर्वांच्याच डोक्यावरून जाते. ती केव्हा गेली एवढे त्यांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवले आणि बाकीचे काम केप्लरच्या नियमाने व पृथ्वीच्या परिवलनाने केले. गुपिते राखणाऱ्यांना हे दोन नियम बदलता येत नाहीत.

श्रीहरिकोट्याकडे पाहताना

आपल्या उड्डाणतळाविषयी असे गूढ नाही. श्रीहरिकोटा १३.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि उड्डाणाची वेळ, टप्प्यांचे वेळापत्रक, अपेक्षित कक्षा हे सारे भारतीय अंतराळ संशोधन संस्था, म्हणजे इस्रो, आधीच प्रसिद्ध करते. म्हणून आपले काम सोपे आहे. पण विचार करण्याजोगे प्रश्न कमी नाहीत.

पहिला प्रश्न: तळ विषुववृत्ताजवळ का हवा? पृथ्वीच्या परिवलनामुळे विषुववृत्तावरची जमीन सेकंदाला सुमारे ४६५ मीटर वेगाने पूर्वेकडे जात असते. इतर अक्षांशांवर या संख्येला त्या अक्षांशाच्या कोज्येने गुणायचे. श्रीहरिकोट्याला ४५२ मीटर येतात, प्लेसेत्स्कला जेमतेम २१२. पूर्वेकडे सोडलेल्या रॉकेटला हा वेग फुकट मिळतो.

दुसरा प्रश्न: मग पीएसएलव्ही अनेकदा पूर्वेकडे न जाता दक्षिणेकडे का जाते? पृथ्वीचे निरीक्षण करणाऱ्या उपग्रहांना ध्रुवांवरून जाणारी कक्षा हवी असते. तीत पृथ्वीचा सगळा पृष्ठभाग त्यांच्या खालून सरकत जातो. पण श्रीहरिकोट्याहून सरळ दक्षिणेकडे गेले तर वाटेत श्रीलंका येते. वापरून झालेले टप्पे वस्तीवर पडू देता येत नाहीत. म्हणून रॉकेट आधी आग्नेयेकडे समुद्रावरून जाते आणि मग वळण घेते. वळायला इंधन लागते आणि तेवढे उपग्रहाचे वजन कमी ठेवावे लागते. मोठ्या रॉकेटला हे परवडते, लहान रॉकेटला जड जाते. तमिळनाडूच्या दक्षिण किनाऱ्यावर कुलशेखरपट्टिनम येथे नव्या तळाची पायाभरणी २८ फेब्रुवारी २०२४ रोजी झाली, तिचे कारण नकाशा पाहिला की लक्षात येते. तिथून दक्षिणेकडे मोकळा समुद्रच आहे.

प्रत्येक उड्डाणापूर्वी जहाजांना आणि विमानांना धोक्याच्या क्षेत्रांचे इशारे दिले जातात. त्यांत अक्षांश-रेखांश असतात. हे चौकोन नकाशावर आखले की टप्पे कोठे पडणार ते दिसते. तळापासून त्या चौकोनांतून एक रेषा काढली की रॉकेट कोणत्या दिशेने जाणार हे उड्डाणाआधीच कळते. जगभरचे हौशी अभ्यासक ही युक्ती वापरतात. आपल्या विद्यार्थ्यांसाठी तर भूगोलाच्या तासाला करण्याजोगा हा उत्तम सराव आहे.

दोन आकडे

मागोवा घेणाऱ्याची खरी कसोटी उड्डाण फसते तेव्हा लागते. ७ ऑगस्ट २०२२ रोजी सकाळी इस्रोच्या एसएसएलव्ही या नव्या लहान रॉकेटचे पहिले उड्डाण झाले. त्यात मुख्य उपग्रहाबरोबर ‘आझादीसॅट’ नावाचा एक छोटा उपग्रह होता. देशातील ७५ शाळांमधील ७५० मुलींनी त्याची उपकरणे जुळवली होती. रॉकेट व्यवस्थित उठले, तिन्ही घन इंधनाचे टप्पे अपेक्षेप्रमाणे जळले. शेवटच्या टप्प्यात माहिती मिळण्यात अडचण आल्याचे सांगण्यात आले. काही तासांनी इस्रोने दोन आकडे जाहीर केले: कक्षा ३५६ किमी × ३५६ किमी हवी होती, प्रत्यक्षात ती ३५६ किमी × ७६ किमी झाली.

ज्याला कक्षा वाचता येते त्याला पुढचे वाक्य वाचण्याची गरज उरत नाही. दुसरा आकडा उपग्रह पृथ्वीच्या सर्वांत जवळ येतो तिथली उंची सांगतो. ७६ किलोमीटरवर हवा विरळ असली तरी उपग्रहाच्या वेगाला ती भिंतीसारखी असते. उल्का याच उंचीच्या आसपास जळतात. म्हणजे उपग्रह पहिल्याच फेरीत वातावरणात शिरणार आणि परत वर येणार नाही. तसेच झाले.

वेगातील तूट किती होती? गणित केले तर आवश्यक वेगाच्या सुमारे एक टक्का. शंभरातले नव्व्याण्णव गुण मिळवूनही नापास व्हावे, असा हा प्रकार आहे. कक्षेत पोहोचणे म्हणजे उंच जाणे नव्हे, पुरेशा वेगाने आडवे जाणे होय, ही गोष्ट कोणत्याही व्याख्यानापेक्षा या दोन आकड्यांतून अधिक चांगली कळते. पुढे चौकशीत दोषाचे मूळ सापडले. दुसरा टप्पा वेगळा होताना अगदी थोडा काळ जोराची कंपने झाली. त्यामुळे संवेदक सदोष आहेत असा रॉकेटवरील संगणकाने अर्थ लावला. दुरुस्ती झाली आणि १० फेब्रुवारी २०२३ रोजी एसएसएलव्हीच्या दुसऱ्या उड्डाणात ‘आझादीसॅट-२’ सुमारे ४५० किमी उंचीच्या कक्षेत पोहोचला. नोंदवहीत ही दोन्ही पाने समोरासमोर असली पाहिजेत. फक्त यशांची यादी ठेवणाऱ्या विद्यार्थ्याला विज्ञानाचा अर्धाच भाग दिसतो.

हौशी माणसांचे स्थान

केटरिंगचे दिवस मागे पडले, आता सारे मोठमोठ्या संस्थांच्या हाती आहे, असे वाटण्याचा संभव आहे. दोन अलीकडची उदाहरणे पाहू.

‘इमेज’ या नासाच्या उपग्रहाशी डिसेंबर २००५ मध्ये संपर्क तुटला आणि तो गेला असे समजले गेले. जानेवारी २०१८ मध्ये कॅनडातील हौशी रेडिओ निरीक्षक स्कॉट टिली एका वेगळ्याच, गुप्त उपग्रहाचा शोध घेत होते. त्यांना एक अनपेक्षित संकेत मिळाला. सूर कसा उतरतो त्यावरून त्यांनी कक्षा ताडून पाहिली आणि ती इमेजची निघाली. त्यांनी कळवल्यावर नासाने तपासणी करून ते खरे असल्याचे सांगितले. पेरींनी वर्गात शिकवलेला तोच डॉप्लर परिणाम इथे उपयोगी पडला.

दुसरे उदाहरण आपल्याकडचे आहे. ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे चांद्रयान-२ चे ‘विक्रम’ अवतरक चंद्रावर उतरताना कोसळले. नासाच्या चांद्रयानाने त्या भागाची टिपलेली छायाचित्रे सर्वांसाठी खुली झाली. चेन्नईचे अभियंते षण्मुग सुब्रमणियन यांनी जुनी आणि नवी छायाचित्रे शेजारी ठेवून ठिपक्या-ठिपक्याने ताडून पाहिली. एक उजळ ठिपका आधी नव्हता, नंतर होता. त्यांनी तो कळवला. पडताळणी करून नासाने डिसेंबर २०१९ मध्ये तो विक्रमचाच तुकडा असल्याचे जाहीर केले आणि श्रेय त्यांना दिले.

दोन्ही ठिकाणी माहिती सर्वांना उपलब्ध होती. मिळाली ती चिकाटीने ताडून पाहणाऱ्याला.

वर्गातील नोंदवही

शाळेत हा उपक्रम सुरू करायचा असेल तर एक जाड वही पुरे. प्रत्येक प्रक्षेपणाला दोन पाने द्यावीत. डावीकडे उड्डाणाआधी लिहायचे, उजवीकडे नंतर.

डाव्या पानावर: रॉकेटचे नाव व टप्पे, तळाचे अक्षांश, उड्डाणाची नियोजित वेळ, टप्पे वेगळे होण्याच्या वेळा, अपेक्षित कक्षा, आणि त्या कक्षेवरून विद्यार्थ्यांनी स्वतः काढलेला फेरीचा काळ. उजव्या पानावर: प्रत्यक्ष वेळा, प्रत्यक्ष कक्षा आणि दोहोंतील फरक. थेट प्रक्षेपणात पडद्यावर नियोजित मार्गाची रेषा आणि प्रत्यक्ष मार्गाची रेषा एकत्र दिसतात. मुलांना रॉकेटच्या ज्वाळेबरोबरच त्या दोन रेषांकडेही पाहायला सांगावे.

सरावासाठी तीन कामे सुचवावीशी वाटतात.

१. चांद्रयान-३ हे १४ जुलै २०२३ रोजी दुपारी २ वाजून ३५ मिनिटांनी सुटले आणि सुमारे १७० किमी × ३६,५०० किमी कक्षेत पोहोचले. दोन्ही उंचींची सरासरी घेऊन तीत पृथ्वीची त्रिज्या मिळवा आणि चंद्रावरून फेरीचा काळ काढा. उत्तर सुमारे पावणेअकरा तास आले पाहिजे.

२. अंतराळ स्थानक ४०० किमीहून थोड्या अधिक उंचीवर आहे आणि सुमारे ९३ मिनिटांत एक फेरी करते. महाराष्ट्रातून ते संध्याकाळी किंवा पहाटे नुसत्या डोळ्यांनी दिसते. एकाच दिशेने जाणारी, एक-दोन दिवसांच्या अंतराने झालेली दोन दर्शने निवडा. ते सर्वांत उंच दिसले ती वेळ नोंदवा. मधला काळ मिनिटांत मांडून त्याला ९३ ने भागा. भागाकार पूर्णांकाच्या जवळ येतो. का, याचे उत्तर मुलांनाच शोधू द्यावे.

३. पृथ्वीच्या गोलावर ५२ अंशांच्या कलाने रबर बसवा. रबर तसाच धरून गोल पूर्वेकडे २३ अंश फिरवा आणि नवा मार्ग खडूने आखा. असे चार-पाच वेळा करा. आपल्या गावावरून कोणत्या फेऱ्या जातात आणि कोणत्या हुकतात ते पाहा. हाच रबर ६३ अंशांवरच्या प्लेसेत्स्कपर्यंत पोहोचतो का, हेही पाहा.

गावातल्या शाळेत इतके तपशील कशाला, असे कोणी विचारील. लाडबोरी हेही गावच आहे. आकाशात फिरणाऱ्या वस्तूंची संख्या वाढते आहे आणि त्यांतल्या काही पुढेही खाली येणार आहेत. तशा वेळी गावात भीती पसरण्याआधी ‘किती वाजता, कोणत्या दिशेने, केवढे मोठे’ हे तीन प्रश्न विचारून उत्तरे लिहून ठेवणारा एक विद्यार्थी असेल, तर पुढचा तपास निम्मा सोपा होईल. हे तीन प्रश्न विचारण्याची सवय पुस्तकातून लागत नाही. ती नोंदवहीतून लागते, आणि तिचे पहिले पान पुढच्या प्रक्षेपणाच्या आदल्या दिवशी लिहिता येईल.